आगटीला रंग द्यावा की देऊ नये

मी, महंमद हनीफ इस्माईल कागदी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा पेंटर (दुकानांच्या पाट्या, नंबरप्लेट, ट्रकची पाठ, आता बंद), राहणार जुन्नर, तालुका जुन्नर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. मजवर कोणाचा दाब नाही व मी कोणत्याही अमलाखाली नाही. चहा झाला आहे, तो धरू नये. गेल्या पावसाळ्यात डॉक्टरांनी माझ्या हृदयात स्प्रिंग बसवली. तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी फार गोड बोलतात, म्हणून वेळेवर लिहिलेले बरे असे वाटले.

आमच्या घरात अर्धे मराठी आणि अर्धे आमचे हिंदी बोलले जाते. येथे सर्वांचे बोलणे मराठीतच उतरवले आहे, म्हणजे उद्या कोणी अर्थाचा अनर्थ करायला नको.

कलम १. जुन्नर येथील राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते माझी पत्नी जैबुन्निसा, मुलगा तन्वीर व मुलगी रुमाना यांच्यात शरियतप्रमाणे वाटले जाईल. ते हिस्से आधीपासून ठरलेले आहेत. त्यात कमी-जास्त करण्याचा मला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. वकीलसाहेबांनी हे समजावले तेव्हा मी विचारले, "मग मी लिहू काय?" ते म्हणाले, "वारस नसलेल्यांना एक तृतीयांशापर्यंत देता येते. बाकी मनातले लिहा." तेव्हा पुढचे बहुतेक सगळे मनातले आहे.

कलम २. माझे सर्व ब्रश, रेघ मारताना हात टेकवायची काठी आणि लाकडी पेटी तन्वीरची मुलगी रूही हिला द्यावी. तिचा बाप हयात असल्यामुळे ती माझी वारस ठरत नाही, म्हणून तिला हे खुशाल देता येते. ती अवसरी खुर्दच्या कॉलेजात इंजिनिअर व्हायला शिकते आणि सगळ्या रेषा कॉम्प्युटरवर काढते. तिने ब्रश काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लावू नयेत. वापरावेत, खराब करावेत.

कलम ३. फ्लेक्सवाला आदेश याने आमचा धंदा बसवला, त्याबद्दल माझी तक्रार नाही. काळ कोणासाठी थांबत नाही हे मलाही कळते. तक्रार एवढीच की त्याच्या प्रत्येक बोर्डवर 'विशेष' शब्दात दोनदा 'श' असतो. मी दुकानात जाऊन त्याला सांगितले, तर म्हणाला, "पेंटरकाका, वाचनाऱ्याला कळतंय ना? मंग झालं की राव." माझ्याकडे अक्षरांचे पत्र्याचे साचे आहेत. त्यांतला 'ष' आदेशला द्यावा. मी त्याला माफ केले आहे, पण साचा द्यावाच.

कलम ४. माझ्या मृत्यूनंतर चौकात माझा फोटो असलेला फ्लेक्स लावू नये. इतकी वर्षे ज्याच्याशी भांडलो त्याच्यावरच छापून उन्हात टांगले जाण्याची माझी तयारी नाही.

कलम ५. आता आगटी. खरे म्हणजे हे मृत्युपत्र तिच्यासाठीच लिहायला घेतले.

आमच्या बैठकीच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीत विटांची आगटी आहे. इंजिनिअरच्या नकाशात तिला 'फायरप्लेस' म्हटले होते, जैबुन 'आतिशदान' म्हणते, आणि जिने ती बांधून घेतली तिच्यापेक्षा ज्याने बांधली त्याचाच शब्द घरात राहिला. येडगावचे धर्माजी गवंडी म्हणाले, "म्हंजी शेकायची आगटी. पर भितीत." तेव्हापासून ती आगटीच.

जुन्नरच्या घरात आगटी कशाला, असे सगळे विचारतात. थंडी आमच्याकडे दोन महिने बरी पडते, पण तेवढ्यासाठी कोणी धुराडे बांधत नाही. जैबुनचे वडील लोणावळ्याला एका बड्या कुटुंबाच्या बंगल्यावर खानसामा होते. तिथे तशी एक होती. घर बांधताना मी तिला विचारले, "तुला काय पाहिजे?" तिने दुसरे काही मागितले नाही.

प्लॉटवर काळ्या दगडाची एक जुनी भक्कम भिंत उभी होती. ती ठेवून धर्माजींनी तिच्यात लाल विटांचे काम केले. मी त्यांना फक्त म्हणालो होतो, "तोंडाला कमान करा." त्यांनी नुकतेच एका मशिदीच्या दुरुस्तीवर काम केले होते. संध्याकाळी येऊन पाहतो तो वर टोक काढलेली, अगदी मेहराबीसारखी कमान. मेहराब म्हणजे मशिदीत इमाम जिच्यापुढे उभे राहतात ती पश्चिमेची कमान, आणि आमची भिंतही पश्चिमेचीच. धर्माजी घाम पुसत म्हणाले, "हनीफभाई, तुमच्यात आशीच आस्ती ना? म्या माझ्या मनानंच केली. लई देखनी झालीया का न्हाई?"

मी तोंड उघडणार तोच जैबुनने मला आत ओढले. "गप बसा. येवढ्या मायेनं केलीया त्या मानसानं. आता पाडायला सांगता का?"

कमान तशीच राहिली. पुढे काय व्हायचे ते झाले. नवा पाहुणा आला की बाह्या सावरून नमाजाची चटई मागतो, "जानमाज कुठं आहे?" रुमानाचे मंचरचे सासरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी थेट कमानीपुढे जानमाज अंथरले. नमाजाची नियत बांधण्याआधी नजर वर गेली, तर समोर राख आणि बाभळीचे अर्धे जळके लाकूड. ते भले गृहस्थ, हळूच म्हणाले, "हे काय आहे, भाई?" जैबुन स्वयंपाकघरातून ओरडली, "वांगी भाजतो आमी त्यात!" लग्न ठरले. सोयरिकीत आजतागायत या वांग्यांवरून आमची थट्टा होते.

हे सारे धर्माजींना माहीत नाही. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, पण साक्षीदाराने मजकूर वाचण्याची गरज नसते, फक्त सही होताना पाहावी लागते असा कायदा आहे. मी त्याचा फायदा घेत आहे.

मी या घराचे दार, खिडक्या, पाण्याची टाकी, पाळणा, सगळे रंगवले. विटांना मात्र जैबुनने कधी ब्रश लावू दिला नाही. दर दिवाळीआधी गावभर रंगाचे काम निघायचे, तेव्हा मी विचारायचो, "यंदा आगटी?" ती म्हणायची, "न्हाई." कारण विचारावे तर उठून जायची. मला वाटत होते तिला माझे काम पसंत नाही. जुन्नर-नारायणगाव रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या ज्याच्या हातच्या, त्याला घरात ही वागणूक! मला त्याचे वाईट वाटायचे, ते मी येथे लिहून मोकळा होतो.

तिचे डोळे काचबिंदूने गेले. पूर्ण नाही, पण जे उरले आहे ते धुक्यातले आहे आणि गेलेले परत येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. गेल्या हिवाळ्यात ती नेहमीप्रमाणे आगटीपाशी खुर्ची ओढायला गेली. तिला आतला जाळ दिसला, कमानीची कड दिसली नाही. ओढणीचा काठ होरपळला. तन्वीरने हाताने विझवला, त्याचा तळवा भाजला.

त्या दिवसापासून घरात दोन पक्ष आहेत. तन्वीरचे नारायणगावला मोटारपंपांचे दुकान आहे आणि तो सगळे प्रश्न पाइप बंद केल्यासारखे सोडवतो. तो म्हणतो, "अब्बा, बुजवून टाकू. प्लास्टर करू, वर पांढरा रंग मारू. अम्मीला धोका नको." रुमाना मंचरहून येऊन म्हणते, "भाईजान, रंग एकदा विटेत मुरला की परत निगत न्हाई. अम्मीनं हौसेनं बांधलीया. तिची येकच तर जागा हाय घरात." तो भितो म्हणून बोलतो, ती मायेने बोलते. दोघांचेही मला पटते, त्यामुळे मी दोघांनाही ओरडतो. ज्या बाईचा हिवाळा पणाला लागला आहे, तिला मात्र कोणी विचारत नव्हते. मीही नाही.

शेवटी मी विचारले. "जैबुन, इतकी वर्षं रंग का नको म्हणालीस?"

ती म्हणाली, "बंगल्यावरचं आतिशदान पांढरं व्हतं. मालकिनीला पांढरंच पायजे. रोज सकाळी त्याची काजळी पुसायचं काम माजं. हात निळे पडायचे थंडीत. पन पेटल्यावर त्याच्याम्होरं बसायला मला कुनी कदी सांगितलं न्हाई. म्हनलं, माज्या घरात आसंल त्याला पुसावं लागनार न्हाई. आन् म्होरं मी बसंन."

"मग हे सांगायचं नाही का? मला वाटलं, तुला माझा हात आवडत नाही."

"तुमाला काय बी वाटतं," ती म्हणाली.

मला हसू आले आणि रडूही आले. काय वाटले ते दुसऱ्या शब्दांत सांगता येत नाही.

मग माझ्या डोक्यात आले, हिला आता नेमके दिसते तरी काय? डॉक्टर तक्ता वाचायला लावतात. मी रंगवाला माणूस, मी रंग विचारणार. प्लायवुडचे तुकडे कापले, एकेकाला एकेक रंग दिला, आणि ते कमानीपाशी उभे करून तिला खुर्चीत बसवले. मला तर शाळेतल्या पोराची उत्सुकता लागली होती. पांढरा ठेवला, तर म्हणाली, "कायतरी हाय, पन कुटं संपतंय ते कळंना." निळा तिला दिसलाच नाही. मग मी नुसतीच विटांवर बोटे ठेवून विचारले, "आणि हे?"

"काय हे?"

"विटा. तुझी कमान."

"काळंच हाय की सगळं," ती म्हणाली.

तिची लाल कमान काळ्या दगडात बुडून गेली होती, आणि आम्ही ती वाचवावी की बुजवावी यावर वर्षभर भांडत होतो. मग पिवळा तुकडा उचलला. टॅक्सीच्या नंबरप्लेटला देतात तो पिवळा, जो काळ्याशेजारी लांबूनही कळतो. कमानीला टेकवला.

जैबुन खुर्चीत सरळ झाली. "अगं बया! कोन उभं ऱ्हायलंय तितं?"

कलम ६. वरील सर्व कारणांवरून माझी अशी इच्छा आहे की, माझ्या पश्चात तन्वीरने आगटीच्या कमानीला बाहेरच्या अंगाने, एका विटेच्या रुंदीचा, वरपासून जमिनीपर्यंत पिवळा पट्टा मारून घ्यावा. बाकी विटा रुमानाच्या म्हणण्याप्रमाणे उघड्या ठेवाव्यात. आतल्या बाजूला रंग देऊ नये, तापून त्याचे फोड येतात.

(कलम ६ खोडले आहे. खोडल्याच्या बाजूला माझी व साक्षीदारांची सही आहे. कारण खाली लिहिले आहे.)

काल संध्याकाळी मी हा मजकूर जैबुनला वाचून दाखवला. आदेशच्या 'ष'ला ती हसली. वांग्यांना तर फारच हसली. कलम ६ ला आल्यावर तिने मला थांबवले.

"माज्या पश्चात म्हंजी?"

"म्हणजे मी मेल्यावर."

"का? मेल्यावर का? तवर मी चाचपडत बसू व्हय?"

मी म्हणालो, मृत्युपत्रात असेच लिहायचे असते. शिवाय माझा हात थरथरतो. शिवाय इतकी वर्षे तू नको म्हणत होतीस, सवय झाली आहे.

"पांढरा नको म्हनत व्हते. पिवळं कदी इचारलंत?" ती म्हणाली. "पेंटर तुमी. तन्वीर कशाला मारंल पट्टा? पाइपावानी मारंल त्यो. उद्या द्या."

ती म्हणते त्यात मला काही कायदेशीर चूक सापडली नाही. आज सकाळी आगटी विझवून, धुऊन, कोरडी करून मी स्टुलावर बसून रंग दिला. तन्वीरने डबा धरला. त्याने एकदाही पांढऱ्याचे नाव काढले नाही. हात थरथरत होता, काठी टेकवूनही थरथरत होता. अशी रेघ मी धंद्यात कधी ओढली नाही, आणि कोणी ओढली असती तर त्याला मी दारात उभे केले नसते.

झाल्यावर जैबुनला खुर्चीत आणून बसवले. बोट हवेत धरून तिने वरचे टोक दाखवले, मग एक बाजू खालपर्यंत, मग दुसरी. धर्माजींची कमान तिने पुरी काढून दाखवली. मग बोट थांबले.

"डाव्या अंगाला जरा वाकडी आलीया वो," ती म्हणाली.

मी चष्मा लावून जवळ गेलो. खरेच, वाकडी आली आहे. साऱ्या हयातीत माझ्या रेषेला कोणी नावे ठेवली तर मी भांडलो आहे. आज मी तिला म्हणालो, "परत सांग." तिने परत सांगितले.

कलम ७. आगटी बुजवू नये. पट्टा फिका पडला तर जैबुन सांगेल तेव्हा पुन्हा पिवळाच द्यावा, आणि डावी बाजू सरळ करू नये. हे कोणाला कायद्याने बंधनकारक नाही याची मला कल्पना आहे. बापाचे सांगणे म्हणून लिहिले आहे.

या पानाच्या उजव्या कडेला जो पिवळा डाग आहे तो रंगाचा असून, ती खाडाखोड समजण्यात येऊ नये.

ठिकाण: जुन्नर
दिनांक: १२ जानेवारी २०२५

लिहून ठेवणार
(सही) महंमद हनीफ इस्माईल कागदी

आम्हां दोघांसमक्ष वरील इसमाने स्वतः सही केली. हाताला रंग होता, हात थरथरत होता, बाकी माणूस पूर्ण भानावर होता.

साक्षीदार
१. (सही) धर्माजी जानकू कोळपे, राहणार येडगाव
२. (सही) रामदास गेणभाऊ डेरे, राहणार जुन्नर