दादाला शेजारी उभं करण्याचं काम

४ मार्च, सोमवार
आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन १४ तारखेला. टॅक्सीत आई म्हणाली, पट्टी निघाली की सगळ्यात आधी तुम्हा दोघा भावांना शेजारी शेजारी बघायचंय. मी खिडकीबाहेर बघितलं.
दादाशी बोलून अकरा वर्षं झाली. चूक त्याची. चारचौघांत म्हणाला होता, याच्यावर काही सोपवू नका, याला काही जमत नाही. फोन त्यानेच करायला हवा. मी मोठ्या मनाने वाट बघतोय.
पण आईचं मन मोडायचं नाही. मार्ग सापडलाय. ऑफिसात पंपांच्या कॅटलॉगसाठी एआय असिस्टंट आहे. त्याला फोटो बनवणारं टूल जोडलं की झालं. आमचे दोघांचे जुने फोटो द्यायचे, दादा माझ्या शेजारी उभा. घरी बोलवायची गरजच नाही. दहा मिनिटांचं काम.

५ मार्च, दुपारी ४
असिस्टंट म्हणतो, टूल दिसतंय पण परवानगी नाही. टूल म्हणतं, परवानगी आहे पण चावी चुकीची. चावी म्हणजे चाळीस अक्षरांचा पासवर्ड. सकाळपासून हाताने टाइप करतोय. आयटीतली मुलगी म्हणाली, काका, कॉपी-पेस्ट करा ना. मी तेच करणार होतो.

६ मार्च, बुधवार
जोडणी झाली! असिस्टंटने लिहिलं, फोटो तयार आहे, दोन्ही भावांच्या चेहऱ्यावर जिव्हाळा स्पष्ट दिसतो. डोळे भरून आले.
फोटो मात्र कुठेच नाही. विचारलं तर माफी मागितली. टूलला सांगायचंच राहिलं होतं म्हणे. मग जिव्हाळा कुठे दिसला? तो अंदाज होता.

८ मार्च
फोटो आला. टूलमध्ये कॅटलॉगच्या सेटिंग्ज तशाच होत्या. मागे पांढरंशुभ्र, पायाखाली हलकी सावली, दोघांच्या कपाळांना चकाकी. कोपऱ्यात 'दोन वर्षांची हमी'. दादाला गंज म्हणून लागणार नाही.
बायकोला दाखवला. म्हणाली, अहो, एक फोन करा ना. हिला तंत्रज्ञानाचं वावडंच आहे.

११ मार्च, सोमवार
हमी पुसायला सांगितली. हमी गेली, सोबत दादाचा कानही गेला. कान लाव म्हटलं तर माझा काढून त्याला लावला. एकोणीस प्रयत्न.
त्यातले सगळे फोटो आपोआप कॅटलॉगच्या फोल्डरमध्ये जात होते, हे मला कोणी सांगितलं नाही. साहेबांनी बोलावून विचारलं, सात नंबरच्या पंपाच्या जागी हे दोन गृहस्थ कोण, आणि यांची हॉर्सपॉवर किती? मेमो मिळाला. मोठ्या कामात असं होतंच.

१३ मार्च, बुधवार, संध्याकाळ
जमलं! दादाच्या खांद्यावर माझा हात, दोघंही हसतोय. मोठी प्रिंट काढली. आईने नाकाला लागेल इतकी जवळ धरली. विचारलं, दोघं आहात ना? म्हटलं, आहोत. उशाशी ठेवली तिने.
म्हणे जमत नाही.

रात्री
झोप नाही. तिला अंधुक दिसतं म्हणून खपलं. उद्यानंतर? डॉक्टरांना फोन केला, नजर हळूहळू येते ना हो? ते म्हणाले, काळजी करू नका, पट्टी काढल्या काढल्या लख्ख दिसेल.
ऑपरेशन पुढे ढकलावं असा एक विचार आला होता. सख्ख्या आईचं. नको ते लिहितोय.

१५ मार्च, शुक्रवार
पट्टी निघाली. आईने खिडकी बघितली, सुनेला बघितलं, मला म्हणाली, किती रे उतरलास. मग फोटो मागितला.
विचारलं, हा खांद्यावर हात ठेवून हसतोय तो कोण? म्हटलं, मी. ती म्हणाली, छे.
मग म्हणाली, आणि दादाच्या डोक्यावर एवढे केस कुठे राहिलेत आता. मी म्हटलं, तुला गं काय माहीत? म्हणाली, परवाच तर हात फिरवला डोक्यावरून. दर बुधवारी येतो की तो.
बायको स्वयंपाकघरात निघून गेली. मागोमाग गेलो. ओट्याकडे बघत म्हणाली, दीड वर्ष झालं. तुम्ही ऑफिसला गेलात की येतात. तुम्हाला चालणार नाही म्हणून बोलले नाही.
बाहेर आलो तर आईने फोटो पालथा घातला होता.

१८ मार्च
दोन दिवस कोणाशी बोललो नाही. कोणाच्या लक्षात आलं नाही.
ठरलं. बुधवारी रजा. दार मी उघडणार. काय बोलायचं ते असिस्टंटला विचारलेलं नाही. नुसतं 'ये' म्हणणार.

२० मार्च, बुधवार
दाढी केली. इस्त्रीचा शर्ट. दहापासून दाराजवळच्या खुर्चीत. आई खिडकीशी, काळा चष्मा लावून.
साडेअकराला बायकोचा फोन वाजला. म्हणाली, नाही, आज हे घरीच आहेत. मग बरं म्हणाली आणि फोन ठेवला.
मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं, दादा आता पुढच्या बुधवारी येतील.
आईने चष्मा काढून एकदा दाराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. चष्मा परत लावला.
पुढच्या बुधवारी ऑफिसला जाईन. लवकर निघेन.