हात न लावता आणलेलं यंत्र

तीर्थरूप मामांस नमस्कार.

गुडघ्याची चौकशी आधी करून घेतो, पुढे राहून जाईल. जिना उतरताना अजून कळ येते का? मामींचा खोकला थांबला असेल. आमच्याकडे सगळे ठीक, होडीही ठीक. ती माझ्याकडे ठेवायची की मावशीच्या मुलाला द्यायची, हे तुम्ही रविवारी येऊन ठरवणार आहात. मला काळजी नाही. (धक्क्यावर उभं राहिलं तरी त्याला मळमळतं, एवढंच नोंदवतो.)

तुम्ही उभा जन्म काठावरच्या दोन खुणा जुळवून जागा हेरत मासे काढलेत. माझ्याकडे आता मासे शोधणारं यंत्र आहे, जीपीएससकट. दुकानात पाच यंत्रं चालू होती. दुकानदार पडद्याची रुंदी, पाण्याखाली लावायची डबी, वायरची लांबी असं बरंच समजावत होता. मी फक्त पडदे पाहिले. चारांत किरकोळ मासे होते, पाचव्यात थवेच्या थवे. म्हटलं, हेच द्या. तो म्हणाला, जरा सेटिंग बदलून देतो. मी त्याचा हात धरला. आपण निवडलेला मासा पिशवीत जाईपर्यंत बदलतो, हे तुमच्याकडूनच शिकलोय. आहे तसंच बांधायला लावलं.

पहिल्याच दिवशी पडद्यावर चाळीस मीटर पाणी आणि तळाशी झुंबड. जाळं रिकामं आलं. (मासेही हल्ली शहाणे झालेत.) तुमच्या भाचेसुनेनं दोरीला दगड बांधून सोडला, तो दोन पुरुष खोलीवरच तळाला टेकला. मी तिला समजावलं की दगड खडकावर अडकला असणार. तो आठ ठिकाणी अडकला. नकाशावर मात्र होडी झकास चालली होती. आम्ही नांगर टाकून डबा खात होतो, तेवढ्यात ती एका परक्या बंदरात शिरली.

मंगळवारी होडी रंगवायला अंगणात घेतली, लाकडी घोड्यांवर. यंत्र चालूच राहिलं होतं. सुतार आत डोकावला आणि म्हणाला, "मालक, अंगणात मासे बरे आहेत की."  भाचेसुनेनं आतून माहितीपुस्तिका आणली आणि चौथ्या पानावर बोट ठेवलं. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी खोटं पाणी आणि खोटे मासे, अशी सोय असते म्हणे. तिनं एक बटण दाबलं. पडदा कोरा. अंगणात मासे नाहीत, हे यंत्रानं क्षणात बिनचूक ओळखलं. म्हणजे निवड योग्यच होती. रविवारी प्रत्यक्ष पाहालच.

तुमचा भाचा

ता.क. जीपीएस एकदा सांगितलेली जागा विसरत नाही. ती आधी कुणीतरी सांगावी लागते, एवढीच त्याची अडचण. तुम्ही कारखान्याची चिमणी आणि आणखी काय जुळवायचात? रविवारच्या आत कळवा. मग मी ती जागा यंत्रानं शोधून दाखवीन, तुम्ही थोडं आश्चर्य दाखवा.

आणखी एक ता.क. पाकीट चिकटवतच होतो, तर भाचेसून रंग वाळलेली होडी घेऊन समुद्रावरून परत आली. यंत्र बंद, दगड ओला, टोपलीत अकरा मोठे मासे. कुठे मिळाले, विचारलं. म्हणाली, "मामांना शब्द दिलाय, सांगता यायचं नाही." मामा, चिमणीचं राहू द्या. रविवारी माझ्याविरुद्ध नक्की कोण आहे, तेवढं कळवा.