किरकोळ दोष

९ मार्च

धाकटे,

थोरल्याचा आशीर्वाद. मी बरा आहे, म्हणजे होतो तसा आहे. गुडघा कुरकुरतो. डॉक्टरांनी गोळीचा रंग बदलून दिला, गुण तोच. जिन्यातला दिवा गेलाय, म्हणून अंधार पडायच्या आत वर येतो. बाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघतो, खाली पोचलो की शंका येते आणि पुन्हा वर. तुला हसू येईल. येऊ दे.

पत्राचं कारण म्हणजे शनिवारी फोन बदलला. तुझ्या लेकीनेच धोशा लावला होता. "मामा, तो फोन आधी देऊन टाका. आई लावत बसली आणि तुम्हाला उचलता आला नाही, सगळं त्या पडद्यामुळे." पडद्याचं तिला मीच सांगितलं होतं. मेहुणे गेले त्या दुपारी खालचं हिरवं बटण सरकेना, मी काय करणार, असं. पोर भाबडी. तिने खरं मानलं आणि वर मलाच धीर दिला, मनाला लावून घेऊ नका म्हणाली.

बाजाराच्या कोपऱ्यावर जुना द्या, नवा घ्या असं दुकान आहे. काउंटरवर एक मुलगी होती. तिने फोन फडक्याने पुसला, दिव्याखाली धरला आणि पडद्यावर बारीक चौकोन आणले. बोट फिरवायचं, जिथे पडदा जिवंत आहे तिथला चौकोन हिरवा होतो, मेला असेल तर पांढराच राहतो. मी अंगठा फिरवायला लागलो तर काहीच होईना.

"आजोबा, बोट लावा. अंगठा तुमचा लाकडाचा आहे."

चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, कागदाच्या घड्या दाबून दाबून अंगठ्याचं असं झालंय. तिला म्हटलं, चौथी पास आहे मी, अंगठेबहाद्दर नव्हे, पण आता अंगठाही कामाचा राहिला नाही. ती हसली. मग तिनेच बोट फिरवलं. सगळा पडदा हिरवा झाला. खाली डाव्या कोपऱ्यात नखाएवढी जागा पांढरी राहिली.

तिच्याकडच्या कागदावर तीन चौकटी होत्या. निर्दोष, किरकोळ दोष, मोठा दोष. तिने मधलीवर खूण केली.

मी म्हटलं, "मोठा लिही."

"का हो?"

"फोन उचलता येत नाही याच्यावर. याला किरकोळ म्हणतात होय?"

"अहो आजोबा, लोक इथे पडद्याच्या चिंध्या घेऊन येतात आणि शपथा घेतात की काही झालेलं नाही. तुम्ही उलटेच. मोठा लिहिला तर तुमचंच नुकसान आहे."

"होऊ दे. मोठा लिही."

मी जरा आवाज चढवला. मागचा माणूस पुढे वाकून बघायला लागला. मुलगी शांत होती. तिने स्वतःच्या फोनवरून माझा नंबर लावला. फोन वाजला. मी नेहमीसारखं बोट खाली टेकवून ओढलं, नाही उचलला गेला. मी तिच्याकडे बघितलं, बघ म्हणून. ती म्हणाली, "जरा अर्ध्या बोटाइतकं वरून ओढा." उचलला गेला. "ऐकू येतंय का, आजोबा?" असं ती समोरूनही म्हणाली आणि कानातूनही.

ऐकू येत होतं.

तिने कागद पुढे केला. मी किरकोळच्या खाली सही केली.

आता पुढचं. हे लिहायला मला दोन दिवस लागले, आणि हे तुला आधीच ठाऊक आहे.

त्या दुपारी तू पाच वेळा फोन लावलास. पहिल्या दोन वेळा खरंच उचलला गेला नाही. मनातून मला बरं वाटलं. तू दवाखान्यात एकटी होतीस, लेक अजून गाडीत होती, आणि तू मला ये म्हणणार हे मला कळत होतं. मेहुण्यांच्या उशाशी बसायचं, ते जाताना बघायचं, माझ्या हातून झालं नसतं. माझ्या हातून काय होतं म्हणा. तिसऱ्या वेळी बोट वर सरकलं आणि फोन उचलला गेला. तू "दादा" म्हणालीस. मग पुन्हा म्हणालीस, जरा हळू. मी श्वाससुद्धा रोखून धरला आणि फोन बंद केला. पुढचे दोन पलंगावर पालथा घालून वाजू दिले.

तू लेकीला हे सांगितलं नाहीस. ती अजून मला मामा म्हणते, जेवलात का विचारते, त्यावरून कळलं. ओरडली असतीस, चारचौघांत बोलली असतीस, तर मला सोपं गेलं असतं. तू माझी लाज राखलीस.

हे पत्र तिला वाचायला द्यायचं की चुलीत घालायचं ते तू ठरव. मी तिच्यासमोर नाही म्हणणार नाही. नव्या फोनवरून लावणार होतो, पण तू उचलला असतास आणि मी पुन्हा गप्प बसलो असतो. मी स्वतःला ओळखतो.

रविवारी सकाळच्या गाडीने येतो. दोन वेळा गाडी बदलावी लागते, विचारत विचारत येईन. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस. चारच्या गाडीपर्यंत पायरीवर बसेन.

तुझी हाक ऐकू आलेला,
दादा