वारादिवशीची चक्कर

४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून वह्या दोन. एक मालवणच्या डॉ. स्वप्नाने दिलेली, तिच्यासाठी: तारीख, काय खाल्लं, काय झालं. दुसरी ही, माझी. हिच्यात फक्त खरं लिहायचं. स्वतःशी खोटं बोलणारा माणूस मला आवडत नाही.

तर खरं असं की मला काहीही झालेलं नाही. गणपतीपासून अधूनमधून चक्कर येते, पोट फुगतं, दिवसाला चार-पाच वेळा जावं लागतं आणि घरापासून जेटीपर्यंत चाललो तरी मांड्या भरून येतात, एवढंच. साखर बरी, हृदयाची पट्टी बरी. हिमोग्लोबिन कमी. दोन महिने लोहाच्या गोळ्या खातोय, ते तिथंच.

निदान मला पाच डिसेंबरच्या आत हवं. बंदर खात्याचा फॉर्म आहे. बोट चालवायला फिट, अशी डॉक्टरची सही लागते. सही नाही तर इंजिनचं हँडल सर्वेशच्या हातात. सर्वेश धाकटा भाऊ. बोटीवर नांगर टाकतो, पर्यटकांना जॅकेटं बांधतो, तेवढं त्याला छान जमतं. खाडीच्या तोंडातून बोट समुद्रात काढणं हे बावीस वर्षं माझं काम.

स्वप्नाने विचारलं, काका, बोटीवर कधी चक्कर येते का? मी म्हटलं, छे! (दोनदा आली. एकदा बोट रिकामी होती.)

५ नोव्हेंबर, मंगळवार

एकदम ठणठणीत. डॉक्टरच्या वहीत लिहिलं: बांगड्याचं तिखलं. कालच्या रकान्यात रेघ मारली, पुढे ‘चक्कर’ लिहिलं. काल सोमवार, आमचा वार, मासे नाहीत. खाण्यासारखं काही नव्हतंच तर लिहिणार काय?

७ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा वार. बायकोने, यशोदाने, चपाती आणि दुधी केला. वारादिवशी माशाच्या कालवणाशिवाय मला भात उतरत नाही, म्हणून श्रावणापासून ती चपात्या करते. रेघ.

दुपारी जेटीवर दोरी बांधताना सगळं किनारपट्टीसकट फिरलं. बसून घेतलं. कोणाला कळलं नाही. फक्त सर्वेशने विचारलं, दादा, बरो आसस मां? मी म्हटलं, दोरी तपासतोय. डॉक्टरच्या वहीत नुसतं ‘चक्कर’ लिहिलं, कुठे ते नाही.

हा सर्वेश हल्ली बोटीत माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसतो. पुढे बस म्हटलं तर म्हणतो, माका हयच बरां. मला काय कळत नाही? हँडलवर डोळा आहे.

११ नोव्हेंबर, सोमवार

स्वप्नाने वही बघितली. बराच वेळ बघितली. म्हणाली, काका, सोमवार-गुरुवार रेघ आणि सोमवार-गुरुवारच चक्कर. उपाशी राहू नका. मी म्हटलं, उपास नाही, वार असतो. ती म्हणाली, वार असू दे, पण पोटभर खा, बोटीवर जाताना तर नक्कीच.

एवढी शिकली आणि निदान काय, तर जेवा! पण डॉक्टरशी वाद घालू नये. घरी येऊन चारऐवजी सहा चपात्या खाल्ल्या.

संध्याकाळ: पडवीत आडवा. पोटात वादळ. पुढचं लिहिण्यासारखं नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी

निदान लागलं! मीच लावलं!

पापलेट, भात, सोलकढी, आणि मी ताजातवाना. म्हणजे आजार कसला? माशाच्या कमतरतेचा. ज्या शरीराला जन्मापासून माशाची सवय, ते मासा नसला की बंड करतं. सरळ हिशोब आहे. तिच्या वहीत रेघा असून पोरीला दिसलं नाही.

यशोदाला सांगितलं की वार मोडावा लागणार. ती म्हणाली, माझ्या चुलीवर वारादिवशी मासो चढाचो नाय, जीव गेलो तरी चलात. जीव माझा की तिचा, हे विचारलं नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

बँकेत काम आहे सांगून मालवणला गेलो. ओळखीचं कोणी जात नाही अशा खानावळीत कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून सुरमईची थाळी. भाताला वेळ होता म्हणून गरम चपात्या घेतल्या. पाच. सुरमई अप्रतिम. औषध म्हणूनच खाल्ली, पण अप्रतिम.

एसटी स्टँडवर पोचेपर्यंत घाम. खांबाला धरून उभा राहिलो. ओकारी. शेजारच्या आंबेवाल्या बागायतदाराने पाणी दिलं आणि विचारलं, सकाळीच? मी दारूला शिवत नाही हे त्याला सांगण्याइतकाही दम नव्हता.

उपाय बरोबर होता. वार मोडला म्हणून देव कोपला, दुसरं काय?

एक गोष्ट लिहून ठेवतो. स्टँडवर मला भीती वाटली. आमचे बाबा त्रेपन्नाव्या वर्षी गेले. मला मार्चमध्ये त्रेपन्न.

१७ नोव्हेंबर, रविवार

देवळात नारळ ठेवला. गुरव गंगारामला सांगितलं, सीझनसाठी गाऱ्हाणं घाल. तब्येतीचं बोललो नाही, गावभर झालं असतं. त्याने महाराजाला हाक मारून बोटीला, घराला, गुराढोरांना राखणदारी मागितली. आमच्याकडे गुरं नाहीत. सर्वेश सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणत होता.

१८ नोव्हेंबर, सोमवार

संकष्टी. दिवसभर साबुदाण्याची खिचडी आणि वरी, चंद्र बघून वरणभात, मोदक.

सोमवार असून चक्कर नाही! पोट शांत! नारळाने काम केलं. मी बरा झालो. गोळ्या बंद. उद्या स्वप्नाला फोन करून सहीची वेळ घ्यायची. डॉक्टरच्या वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं: बरा.

सर्वेशलाही सांगितलं की आता पुढे बस. तो हसला, पण हलला नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

आज सर्वेशला हँडल शिकवलं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

वरचं वाक्य खोटं आहे. या वहीत खरं लिहायचं ठरलं आहे.

सकाळी पोटभर खाऊन निघालो, डॉक्टरच्या सांगण्याप्रमाणे. सात चपात्या. सोलापूरची अकरा माणसं, त्यांत चार-पाच वर्षांची एक मुलगी. खाडीच्या तोंडाशी मोठ्या तीन लाटा जाऊ द्यायच्या आणि मग इंजिनचा वेग वाढवून बोट बाहेर काढायची, हे मला झोपेत जमतं. दुसरी लाट आठवते. तिसरी आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा मी बोटीच्या तळाला, डोकं कोणाच्या तरी पिशवीवर, आणि हँडल सर्वेशच्या हातात. बोट लाटेला आडवी झाली होती म्हणे. पाणी आत आलं होतं, सगळे भिजलेले. ती मुलगी आईच्या गळ्याला मिठी मारून ओरडत होती. पाच हातांवर वाळूचा दांडा. त्यावर चढलो असतो तर उलटलो असतो, अकरा आणि दोन तेरा.

सर्वेश गुडघ्याशी नसता तर? बस.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सर्वेशने यशोदाला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती नुसती उठली, लुगड्याचा पदर खोचला आणि म्हणाली, चला, डॉक्टराकडे मी येतंय. रिक्षात डॉक्टरची वही मांडीवर घट्ट धरून बसली. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

स्वप्नाने बोटीवरचं ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. मग यशोदाला विचारलं, सोमवार-गुरुवारी हे काहीच कसं खात नाहीत? यशोदा म्हणाली, खाणत नाय कशे? सात सात चपातये खातत गो बाय! बाकीचे दिवस भात. संकष्टीक साबुदाणो.

स्वप्नाने वही उघडली. रेघेवर बोट ठेवून मला विचारलं, काका, ही रेघ म्हणजे? मी म्हटलं, मासे नाहीत.

यशोदा कपाळाला हात लावून बसली. तीन महिन्यांचं माझं संशोधन, आणि या दोन बायकांना दोन मिनिटं लागली.

गव्हाचा संशय आहे. रक्ताची तपासणी, मग गोव्याला नळी घालून आतडं बघायचं. तोपर्यंत चपाती बंद करायची नाही, नाहीतर तपासणीत दिसणार नाही म्हणे. म्हणजे आजार कळला असून आजार खायचा. बोट मात्र आजपासून बंद. मी म्हटलं, सर्वेशला सगळं जमत नाही. स्वप्ना तपासणीची चिठ्ठी लिहीत राहिली.

२ डिसेंबर, सोमवार

रिपोर्ट आला. सेलियाक. गहू माझ्या आतड्याला चालत नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही, लोहसुद्धा नाही. चपाती, पाव, खारी, बिस्कीट, सगळं जन्मभर बंद. भात खा, मासे खा, स्वप्ना म्हणाली. जीवाला धोका नाही. यशोदा तिथेच रडली. मीही. धूळ फार होती तिथे.

मग मी फॉर्म पुढे केला. निदान झालं, औषध कळलं, आता सही करायला हरकत काय? ती म्हणाली, सहा महिने. रक्त भरू दे, मग बघू. मी म्हटलं, सीझन मे महिन्यात संपतो. म्हणाली, माहीत आहे. माझ्या फॉर्मवर ‘सध्या अनफिट’ लिहिलं आणि सर्वेशच्या फॉर्मवर सही केली. त्याने तो कधी भरला, कोणास ठाऊक.

मी ठरवलंय, रोज किनाऱ्यावर उभं राहून त्याला सूचना द्यायच्या. अनुभव कागदावर अनफिट होत नाही.

७ डिसेंबर, शनिवार

सर्वेशची पहिली फेरी. बोट भरलेली. मी खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या टोकावर उभा. सकाळी पेज खाऊन गेलो होतो, डोकं स्वच्छ, पाय भक्कम.

तोंडाशी तो थांबला. मी दोन्ही हात वर केले: थांब, अजून एक मोठी येते. मग उजवा हात जोरात: दांड्यापासून लांब घे. मग दोन्ही हात पुढे: आता काढ!

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. तीन लाटा जाऊ दिल्या आणि बोट अलगद बाहेर काढली. कोणाच्या अंगावर थेंब उडाला नसेल.

बोटीतल्या लोकांना वाटलं मी टाटा करतोय. सगळ्यांनी हात वर करून मला टाटा केला. मी अजून थोडा वेळ उजवीकडे, उजवीकडे करत राहिलो.

मग मीपण टाटा केला.