टिंबापलीकडची घरं

प्रिय छोटी,

तुझी खुशाली फोनवर कळतेच, म्हणजे मला नाही, आमच्या बाईसाहेबांना. फोन वाजला की लेक तो माझ्या हातून ओढून घेते आणि "मावशी!" म्हणून अशी किंचाळते, की शेजारणीला वाटावं हिला लॉटरीच लागली. माझ्या वाट्याला शेवटी "आई, मावशीने विचारलंय, बरी आहेस ना," एवढंच येतं. बरी आहे. देवाच्या कृपेने सगळं भागवून थोडं मागे पडतं. पण मनाला पीळ पडलाय, तो तुला सांगितल्याशिवाय सुटायचा नाही.

झालं काय, तिच्या शाळेच्या कार्यक्रमाला झालरीचा फ्रॉक हवा होता. कापडवाल्याकडे उरलेल्या तुकड्यांचा ढीग असतो, मी तिथूनच घेते. एकाच रंगाचे दोन तुकडे, भाव दोन्हींचा सारखाच. एकावर चिठ्ठी १.४ मीटर, दुसऱ्यावर १.३५. एकावर वरचे चार सेंटिमीटर, दुसऱ्यावर पस्तीस. शेंबडं पोरही सांगेल कुठला घ्यायचा! घरात मी मापं तशीच लिहिते ना, टिंबाच्या अलीकडे मीटर, पलीकडे सेंटिमीटर. मी १.३५चा उचलला, तसा दुकानदार म्हणाला, "बाई, तो १.४वाला मोठा आहे." मी म्हटलं, "मला नका शिकवू." वर लेकीलाही समजावलं, बघ बाळा, पस्तीस मोठे की चार? ती मान डोलावत माझ्यामागून घरी आली.

झालर पुरली नाही. मागच्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशी, जुन्या उशीच्या अभ्र्याची पट्टी जोडली. ते निभलं. पण त्याच आठवड्यात तिची दशांशाची चाचणी झाली आणि 'मोठी संख्या कोणती' याची सगळी उत्तरं चुकली. माझ्याच शिकवणीने! रडत रडत तिने तुला फोन लावला. तू तिला माझीच शिवणकामाची टेप हातात घ्यायला लावलीस. मीटरचे आधी दहा भाग कर, ते दशांश, त्यांचं घर टिंबाला लागून. त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा कर, ते शतांश, त्यांचं घर त्याच्या पलीकडे. म्हणजे १.४ मधले चार हे दहा-दहा सेंटिमीटरचे चार, चाळीसच की! आणि नुसते चार सेंटिमीटर सांगायचे तर टिंबाशेजारी शून्य बसवून १.०४ लिहायचं. फोन स्पीकरवर होता, भांडी घासता घासता मी सगळं ऐकत होते. तो दुकानदारही खरंच बोलला होता, मेला. लेकीचा चेहरा असा उजळला, आणि मला, देवाशपथ सांगते, आनंद व्हायच्या ऐवजी तुझा हेवा वाटला. टेप माझी, लेक माझी, आणि शाबासकी तुला! जेवताना बापाला म्हणते कशी, "बाबा, आईला नाही येत, मावशीला सगळं येतं." आणि हे खो खो हसले.

तेव्हापासून त्या १.०४ मधल्या शून्यासारखी झालेय मी. टिंबाला खेटून बसलेय, जागा धरून, पण मोजायला कुणी घेत नाही. देवापुढे दिवा लावून हात जोडते, आणि डोळ्यांसमोर येतो तुझा चष्मा. हसू नकोस. तुला पाढे कुणी शिकवले गं? चौदाचा पाढा येईना म्हणून दाराआड लपायचीस, तेव्हा मांडीवर ओढून मीच तो म्हणवून घेतला. तू पुढे शिकलीस, मी मॅट्रिकवर थांबले. त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. आता वाटतं.

आता मुद्द्याचं. पुढच्या वर्षापासून तिला तुझ्याकडेच ठेवून घेते, इथली शाळा यथातथाच, असं तू ह्यांच्याशी बोललीस ते कळलं मला. हे "बघू" म्हणालेत. तिने तर बॅग काढून झटकलीसुद्धा. छोटी, नेऊ नकोस गं तिला. त्यापेक्षा असं कर. दुपारी ती शाळेत असते, आणि तू शिकवतेस ती शाळा सकाळची. तेव्हा मला फोन करत जा. बेरजेला टिंबाखाली टिंब मांडायचं, एवढं तिच्या पुस्तकातून माझं मी काढलंय. गुणाकारात ते कुठे पळतं, काही कळत नाही. तू मला शिकव, मी तिला शिकवते. तिला सांगायचं नाही. आणि चुकले तर ओरडू नकोस. चौदाच्या पाढ्याला मी तुझ्यावर ओरडले नव्हते.

तुझीच, अजून घुश्शातच असलेली,
ताई