राख कुठे टाकता?

५ डिसेंबर, शुक्रवार

नाही म्हणते! पहिलं बाळंतपण आणि माहेरी येणार नाही म्हणते आमची अक्षता. "आजी, इथे कॉलनीतच दवाखाना आहे, घरासमोर. तुमच्या धायरीतून निघाले तर सिंहगड रोडच्या सिग्नललाच बाळ होईल." म्हणाली आणि हसली. मी नाही हसले. फोन ठेवल्यावर थोडी हसले, कारण सिग्नलचं खरंच आहे.

पण कॉलनी कसली, तर अणुविजेच्या कारखान्याची. सौमित्र, आमचा नातजावई, तिथे इंजिनिअर. लग्न ठरलं तेव्हा करोना होता, सगळं बंद. त्यामुळे घर बघायला कुणी गेलंच नाही. आमच्याकडे मुलगी द्यायची तर घर बघतात, विहीर बघतात, गोठ्यात डोकावतात, शेजारणीला गुपचूप विचारतात. आम्ही मोबाईलवर सोफा बघितला. चांगला होता सोफा. पण सोफ्यावरून काय कळतं?

पणजी होणार मी! चौथी पास बाईला आणखी काय पाहिजे. देवापुढे साखर ठेवली. तरी मनात पाल चुकचुकते ती चुकचुकतेच.

७ डिसेंबर, रविवार

आज तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. गावाकडून आल्या, सोलेभात करायचाय. इथल्या लोकांना मटाराचंच कौतुक, सोले म्हटलं की तोंडाकडे बघतात. असो.

तर ओवी येऊन समोर उभी राहिली. ही अक्षताची धाकटी बहीण, अकरावीला आहे. तिच्या कॉलेजात वादविवाद आहे, अणुवीज स्वच्छ की नाही. चिठ्ठी काढली तर हिला "स्वच्छ आहे" ही बाजू आली. म्हणजे पोरांच्या मनात काय आहे ते कुणी विचारतच नाही, चिठ्ठी सांगेल ते बोलायचं. वकील करतात तसं.

माझ्यासमोर तिने भाषण म्हणून दाखवलं. "धूर नाही. कार्बन नाही. त्या मोठ्या चिमण्यांतून निघते ती नुसती वाफ, आजी."

म्हटलं, चूल कुठलीही असो, राख निघतेच. यांच्या चुलीची राख कुठे टाकतात?

"त्याला वेस्ट म्हणतात."

"काहीही म्हण. टाकतात कुठे?"

ती फोनमध्ये बघायला लागली. मग म्हणाली, "तू ना, अपोझिशनला हवी होतीस."

इथवर बरं होतं. पुढे म्हणाली, कोळशाच्या विजेने माणसं रोज मरतात, हळूहळू मरतात म्हणून त्याची बातमी होत नाही. मला राग आला. अगं, आपण कोळशाचं मीठ खाल्लंय! हे, म्हणजे तुझे आजोबा, विदर्भातल्या कोळशाच्या वीजघरात राबले. त्या पगारावर तुझा बाप शिकला, पुण्याला लागला, तेव्हा तू अकरावीला आहेस. तिला बोलले तसं. पण तिच्या चेहऱ्यावरून पटलेलं दिसलं नाही.

कोळशाचा धूर निदान दिसायचा तरी. गच्चीवर कुरडया घातल्या की त्यावर राख बसायची. झटकली की झालं. हे अणूचं ना दिसतं, ना वास येतो. न दिसणाऱ्या गोष्टीवर माझा भरवसा नाही. एक देव सोडून.

११ डिसेंबर, गुरुवार

सून नम्रता मला दवाखान्यात घेऊन गेली, खोकला हटत नाही म्हणून. छातीचा फोटो काढला. डॉक्टर पोरगेलाच. विचारतो, घरी चूल होती का, नवरा कुठे कामाला होता, क्वार्टर वीजघरापासून किती लांब. म्हटलं, बाप्पा, स्थळ बघतोस का माझ्यासाठी? तो हसला नाही. नम्रता म्हणाली, काही नाही हो, थंडीचं आहे.

१३ डिसेंबर, शनिवार

अक्षता येते म्हणते! कालपर्यंत नाही-नाही चाललं होतं, आज एकदम हो. बाळंतपण पुण्यालाच.

आनंद झाला, खूप झाला, लगेच डिंक काढून ठेवला. मग विचार आला, काहून? कालपासून आजपर्यंत असं काय झालं? नम्रता गॅलरीत दार लावून तिच्याशी बराच वेळ बोलत होती. आत आली तर डोळे लाल. विचारलं तर म्हणे कांदा चिरत होते. गॅलरीत कोण कांदा चिरतं?

काहीतरी झालंय तिकडे. गळती म्हणतात ती झाली असेल. पोरीला बाहेर काढतायत आणि मला सांगत नाहीत. टीव्हीवर तर खासगी कंपन्यांनाही आता हे अणूचं करू द्यायचं म्हणून भांडण चाललंय. एक म्हणतो स्वच्छ, एक म्हणतो घातक, आणि मध्येच केसांच्या तेलाची जाहिरात. विश्वास ठेवायचा तर कुणावर.

२० डिसेंबर, शनिवार

आली माझी बाय! चेहऱ्यावर तेज आलंय, गाल भरलेत. सातवा पुरा झाला. सौमित्र घेऊन आला गाडीने.

मी काय केलं ते लिहून ठेवते, कारण घरात सगळे माझ्यावर नाराज आहेत. आमच्याकडे मसणातून माणूस आला की दारातच पाय धुतो, कडुनिंबाचं पान चावतो, तडक न्हाणीत जातो, मगच घरात कुणाला हात लावतो. मी दाराबाहेर बादली भरून ठेवली होती, वर कडुनिंबाची डहाळी. अक्षताला आत घेतलं. सौमित्रला म्हटलं, जावईबापू, तुम्ही थांबा. आधी पाय धुवा, मग आंघोळ, आणि हे कपडे वेगळे भिजवते.

संतोष, माझा मुलगा, एवढा चिडला. "आई, जावयाला दारात उभं करतात का?" नम्रताने कपाळावर हात मारला.

पण सौमित्रने काही म्हणता काही तोंड वाकडं केलं नाही. बूट काढले, पाय धुतले, पान चावलं. कडू लागलं असणार. आंघोळ करून आला आणि म्हणाला, "आजी, आमच्याकडे हेच असतं. कामाचे कपडे घरी आणूच देत नाहीत, ते तिथेच राहतात. निघताना हात-पाय मशीनमध्ये घालायचे, मशीन ठीक म्हणालं तरच बाहेर. तुमची बादली आहे, आमचं मशीन आहे."

मला आणखीच संशय आला. काही नसतं तर एवढं कशाला करतील?

आणि एक आठवलं, उगीच. ह्यांचा निळा गणवेश रोज घरी यायचा. मी दारात उभी राहून झटकायची. काळा ढग उठायचा, संतोष त्यात नाचायचा. मग भिजवायची. कपडे तिकडेच ठेवा असं कुणी म्हटलं नाही कधी. पण ती आपली नुसती राख. राखेने तर आपण भांडी घासतो.

२१ डिसेंबर, रविवार

सकाळीच खालच्या मंदाकिनीबाई आल्या. पांढरी साडी, पडलेला चेहरा. ह्या मूळच्या नारायण पेठेतल्या, मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून आल्या, आणि ते उपकार धायरीवर रोज करतात. दारातूनच म्हणाल्या, "कोण गेलं? कळवायची पद्धत नाही वाटतं तुमच्याकडे."

बादली आणि कडुनिंब दारात तसाच राहिला होता! म्हटलं, कुणी गेलं नाही हो, येणार आहे. आज डोहाळजेवण आहे, तुम्हाला बोलावलंय की. तर म्हणतात, "बोलावलंय ते माहीत आहे. म्हटलं रद्द झालं का विचारावं, म्हणजे घरी भात टाकायला." मग जाऊन हिरवी साडी नेसून आल्या आणि दोनदा बासुंदी घेतली.

अक्षता हिरव्या शालूत, फुलांचे दागिने. वाटीतला पेढा निघाला की बर्फी ते नाही लिहीत, दृष्ट लागते.

जेवणं झाल्यावर सौमित्र आणि मी दोघंच बसलो होतो. म्हटलं, एक विचारू? तुमच्या चुलीची राख कुठे टाकता?

मला वाटलं हसेल. तो नीट सांगायला लागला. थोडी निघते म्हणाला, कोळशाच्या मानाने फारच थोडी. पण जहाल. आधी कित्येक वर्षं पाण्यात ठेवतात, निवेपर्यंत. त्यातलं वाईट ते काच वितळवून तिच्यात घालतात, काच पोलादाच्या डब्यात, डबा जाड भिंतींच्या आत.

"मग?"

"मग राखायचं."

"कुठवर?"

"हजारो वर्षं, आजी."

"आणि राखणार कोण? तुम्ही-आम्ही तर नसू."

तो सुपारी कातरत होता, ती खाली ठेवली. मग म्हणाला, "ते मला माहीत नाही."

एवढा शिकलेला माणूस. माहीत नाही म्हणाला! काय करावं कळेना. मी त्याला आणखी एक लाडू वाढला.

३० डिसेंबर, मंगळवार

ओवीचा दुसरा नंबर आला. परीक्षकबाईंनी तिला नेमकं राखेचंच विचारलं. ही म्हणाली, माझ्या आजीलाही हाच प्रश्न पडलाय. सगळे हसले म्हणे. ढाल आणली घरी. टीव्हीशेजारी ठेवलीय.

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

तिळगूळ दिला सगळ्यांना, गोड बोला म्हटलं. गोड बोलतात, खरं कुणी बोलत नाही.

मी आले की बोलणं थांबतं. अक्षता माझ्याकडे बघत बसते, मी बघितलं की नजर वळवते. सोनोग्राफी चांगली आहे म्हणतात सगळे, एका सुरात, शाळेत प्रार्थना म्हणावी तशी. मला तो फोटो दाखवला, पण ढगातलं ढग, मला काय कळणार. आणि माझे लाड किती! पोटुशी ती, आणि भाजीची पिशवी माझ्या हातातून घेते. जिना चढताना दर मजल्यावर थांबवते. "आजी, दम खा." वाईट बातमी सांगायच्या आधी माणसं असंच गोड वागतात. बाळात काहीतरी आहे. त्या कारखान्याने केलंय आणि हे मला हळूहळू सांगणार आहेत.

सौमित्र सुट्टीला येतो तेव्हा दाराबाहेर स्वतःच बादली मागतो. मी आता कडुनिंब ठेवत नाही. पण बादली ठेवते.

१५ जानेवारी, गुरुवार

खोकल्याच्या गोळ्या बदलल्या. पुन्हा फोटो. एका खोकल्याला किती फोटो काढतात!

१८ फेब्रुवारी, बुधवार

मुलगी झाली. मुलगी! काळं कुळकुळीत जावळ. संतोष दवाखान्याबाहेर सगळ्यांना पेढे वाटत सुटला, रिक्षावाल्यालाही दिला. सिग्नलला नाही झाली, वेळेवर पोचलो.

माझ्याकडे दिलं तेव्हा दुपटं उघडून आधी बोटं बघितली. हाताची, पायाची. सगळी आहेत. कान आहेत, टाळू नीट आहे. रडली तर वॉर्डातली बाकीची बाळं उठली. नाक माझं आहे. अक्षता म्हणते, आजी, एवढं नको. पण आहे.

तर मग ह्या सगळ्यांनी लपवलंय काय?

१ मार्च, रविवार

बारसं झालं. नाव प्रियदर्शनी. मोठं आहे, पण दोन महिन्यांत पियू करून टाकतील. मंदाकिनीबाई म्हणाल्या, "आधारकार्डात मावलं म्हणजे मिळवली."

पाळण्याभोवती सगळ्या बाया गात होत्या. मला मध्येच खोकला आला, थांबेना. नम्रताने पटकन पाळणा बाजूला ओढला, आणि ओढल्यावर माझ्याकडे बघून इतकी शरमली. अक्षता उठून आत गेली. मी बघितलं सगळं.

संध्याकाळी सौमित्रला गॅलरीत गाठलं. पहिल्यांदाच त्याला अरे-तुरे केलं. म्हटलं, राखेचं विचारलं तेव्हा तू माहीत नाही म्हणालास. ह्या घरात खरं बोलणारा तू एकटा. म्हणून तुलाच विचारते. लेकराला काय झालंय?

"बाळ अगदी छान आहे, आजी. शपथ."

"अक्षताला?"

"तीपण."

"मग कुणाला?"

तो कठड्याला धरून उभा राहिला. म्हणाला, मी आज बाबांशी बोलतो. उद्या मीच सांगतो तुम्हाला.

२ मार्च, सोमवार

मला.

डिसेंबरातच दिसलं होतं, पहिल्या फोटोत. दोन्ही फुप्फुसांत जुनी राख. चुलीचा धूर असेल, पण जास्त कोळशाचीच, डॉक्टर म्हणाला. आता ती निघायची नाही. अक्षता माहेरी आली ती माझ्यासाठी.

पियू न्हाऊन आली होती, मांडीवर घ्यायची होती. मी दाराबाहेर गेले, बादली ओढली. सौमित्र मागे आला. "आजी, तुम्ही कशाला?"

म्हटलं, तू धुतोस ना दर वेळी.

मग वाकून त्याने माझ्या पायांवर पाणी घातलं.