हलका हात

३ जून, मंगळवार

आलं! दवाखान्यातल्या सोनोग्राफी मशीनच्या परवानगीत आमच्या मोठ्या डॉक्टर आराधना मॅडमच्या नावाखाली आता दुसरं नाव आहे – डॉ. धनश्री भिमाजी राळेभात. सहा महिन्यांचं ट्रेनिंग, मग नुसती वाट बघणं. आता प्रोब – अंगावर फिरवायचा तो मशीनचा ठोकळा – मी स्वतः हातात धरू शकते.

लगेच आईला फोन. खानावळीत भाकरी थापतच बोलत होती, थाप-थाप ऐकू येत होतं. म्हटलं, आई, संधिवाताच्या पेशंटच्या हातांची सोनोग्राफी मी करणार आता. थाप थांबली.

"हाताची? हातात काय लेकरू हाय का?"

मागच्या बायका खो खो हसल्या. मी समजावलं – सांध्याच्या आत सूज आहे का, कंडरांभोवती, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्यांभोवती, काही धुमसतंय का, ते वरून कळत नाही, यात दिसतं. वेळेत दिसलं तर हात वाकडे होत नाहीत. तिनं ऐकून घेतलं. "बरं. पन नीट बघ गं, घाई करू नको." आणि मग पप्पांना ओरडून – "अहो, लेक हातातली लेकरं बघनार हाय म्हनं!"

मी एमबीबीएस झाले तेव्हा पप्पांनी मार्केट यार्डात सगळ्या हमालांना पेढे वाटले होते. घरातली पहिली ग्रॅज्युएट! या वेळी नक्की कशाचे पेढे म्हणून सांगतील, देव जाणे.

५ जून

मॅडम म्हणाल्या, "धनश्री, भाकरी थापतेयस का?"

लाज वाटली. पण खरं आहे. शाळेत असल्यापासून आईबरोबर परातीला बसलेय. हात लावला की जोर येतोच.

मॅडमचं सांगणं: जेल भरपूर घाल. प्रोब कातडीवर टेकायचा नाही, जेलवर तरंगायचा. स्क्रीनवर सगळ्यात वर जेलची काळी पट्टी दिसत राहिली पाहिजे. पट्टी गेली की समज, दाबलंस.

माझी पट्टी सारखी जाते.

१२ जून, गुरुवार

काय लिहू.

पंकजाताई आल्या होत्या. शेवगावच्या. तिशीच्या आहेत, ब्लाउज शिवतात. तीन वर्षांपूर्वी आमवात निघाला, बोटं वळेनात इतका. मॅडमच्या गोळ्यांनी उठल्या. ती मेथोट्रेक्सेटची गोळी, आठवड्यातून एकदा, दर रविवारी. आता दुखत नाही, सूज नाही, शिलाई जोरात. आणि आता त्यांना मूल हवंय. लग्नाला सात वर्षं झाली. ती गोळी चालू असताना मूल होऊ द्यायचं नसतं, बाळाला धोका असतो. बंद केल्यावरही तीन महिने थांबावं लागतं. म्हणून आल्या होत्या – गोळी बंद करता येईल का, आत खरंच सगळं थांबलंय का, बघा म्हणून.

बरोबर सासू. लंकाबाई. पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलेली, डोळे स्क्रीनवर. मला रागच आला. हिनंच मागे लागून आणलं असणार! सुनेचे हात गेले तरी चालतील, नातू पाहिजे.

मॅडम शेजारच्या खोलीत होत्या. "तू बघायला घे, मी आलेच." मी उजवं मनगट घेतलं. मग बोटांचे सांधे. मशीनवर रक्तप्रवाहाचा रंग चालू केला – आत सूज जिवंत असली की तिथं लाल ठिणग्या दिसतात. एकही ठिणगी नाही. सगळं काळं. इतका आनंद झाला मला!

"शांत आहे," मी म्हणाले.

त्या ताडकन उठून बसल्या. जेलचा हात तसाच, माझं मनगट धरलं. "खरं? शांत?"

"शांत."

मॅडम आल्या. प्रोब घेतला, त्याच जागी ठेवला. ठेवला म्हणजे काय – माशी बसावी तसा. आणि मनगटात लाल पेटलं. एका जागी नाही, दोन जागी.

पंकजाताई स्क्रीनकडे बघतच राहिल्या. मॅडम त्यांच्याशी सावकाश बोलल्या. "दुखत नाही म्हणजे आत थांबलंय असं नसतं, पंकजा. अजून थोडं आहे. आपण रविवारची गोळी जरा वाढवू. तीन महिन्यांनी परत बघू. थांबलं की दुसऱ्या गोळ्या देते, बाळ असताना चालतात त्या. रस्ता आहे. घाई नको फक्त."

तेव्हा लंकाबाई पहिल्यांदा बोलल्या. "म्हंजी चुलीवानी. वरनं राख, आत इस्तू."

"अगदी तसंच, मावशी."

पंकजाताईंची मान वळली. भिंतीवरच्या पाटीकडे बघत होत्या – 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही.' कायद्यानं लावावीच लागते, मशीनवर नुसते हातपाय बघत असलो तरी.

त्या गेल्यावर मॅडमनी दार लावलं. मला वाटलं, आता बोलतील. एवढंच म्हणाल्या –

"दाबलं की रक्त थांबतं, धनश्री. रोग थांबत नाही."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

१३ जून

तो एक शब्द परत घेता आला असता तर! दोनच मिनिटं, पण त्या दोन मिनिटांत त्या बाईच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते मी दिलं होतं. खोटं.

२४ जून

रोज दवाखाना सुटला की सराव. रिसेप्शनवरच्या हर्षलचा हात. तो म्हणतो, "मॅडम, माझ्या मनगटात काही सापडलं तर सुट्टी मिळेल का?" त्याच्या मनगटातली धमनी शोधते – हलकं धरलं की लाल, दाबलं की गायब. सोडलं की परत. आज दहा वेळा केलं. सात वेळा गायब!

"मेलो बहुतेक मी," म्हणाला.

३० जुलै, जामखेड

नागपंचमीला घरी आलेय. काल घर पाहुण्यांनी भरलेलं, आज जरा निवांत. वाल्मिकदादाची तान्ही दोन महिन्यांची झाली. सकाळी आईनं तिला न्हाऊ घातलं आणि तेलाची वाटी माझ्याकडे सरकवली. "टाळू भर तिची. मला भाकऱ्या हायेत."

मी टाळूवर तेलाचा हात ठेवला. ती मऊ जागा खाली धपधपत होती. दाबायची हिंमत कुणाची आहे! हात आपोआपच वर राहिला, तेलावर. तेल मधे आणि धपधप बोटांना कळतेय.

आणि एकदम – अरेच्चा! हेच की!

"हसतीस का?" आई.

"काही नाही. हातातलं लेकरू सापडलं."

"येडी झाली नगरला जाऊन," आई वहिनीला म्हणाली.

४ ऑगस्ट

आज सहा पेशंट. पट्टी एकदाही गेली नाही. मॅडम मागे उभ्या होत्या. जाताना माझ्या टेबलावर चिक्की ठेवून गेल्या!

१८ सप्टेंबर, गुरुवार

पंकजाताईंचा दिवस.

पाणी प्यायला बाहेर आले तर लंकाबाईंनी कोपराला धरलं. ओढतच कोपऱ्यात नेलं.

"बाई, एक ऐका माझं. लाल सांगा."

"म्हणजे?"

"दिसू नायतर न दिसू. लाल सांगा तिला. गोळी बंद करू नको म्हना."

मला कळेचना. आणि मी काय विचारलं – किती निर्लज्जपणे! – "तुम्हाला नातवंड नको का, मावशी?"

"हवं की. कोनाला नको?" पदर तोंडाशी धरला त्यांनी. "पन तुमी तवा तिला बघितलं न्हाई. घास तोंडापत्तुर जायचा न्हाई तिचा. येनी मी घालायची. मी भरवायची. सुईत दोरा ववता येईना म्हनून मशीनवर डोकं टेकून रडायची पोर. माझा ल्योक कल्यान बाहेर जाऊन बसायचा, बघवायचं न्हाई त्याला. लेकराबिगर ऱ्हाईल माझं घर. ती परत तशी पडली तर न्हाई ऱ्हायचं. तिला सांगू नका मी असं म्हनले. मनाला लावून घेईल."

जूनमध्ये मी या बाईबद्दल काय लिहिलं होतं! वर आहे. खोडणार नाही, असू दे तसंच.

आत गेले. पंकजाताई एकट्याच. हात पुढे ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या,

"मॅडम, त्या दिवशी तुमी धरलं तवा काळं हुतं ना. तसंच धरा की."

"कसं?"

"जरा दाबून."

त्यांना कळलं होतं! मला शिकायला दोन महिने गेले, ते त्या स्क्रीनकडे बघत बघत तेव्हाच समजल्या होत्या.

"मोठ्या मॅडम यायच्या आत. मला नुसतं काळं बघायचंय एकदा. तुमचं काय जातं हो?"

बाहेर एक म्हणते लाल सांगा. आत एक म्हणते काळं दाखवा. दोघी एकमेकींच्या चोरून. आणि मधे माझा हात. दाबणं मला अवघडही नव्हतं, जुनी सवयच ती. जरासा अंगठा टेकवला की झालं.

जेल घातलं. गार लागलं, त्यांचा हात दचकला. तान्हीची टाळू आठवली. प्रोब ठेवला.

लाल. जूनपेक्षा जास्त. मनगटात, मधल्या दोन बोटांच्या मुळाशी, आणि कंडरेच्या कडेनं एक लांब रेघ.

"लाल आहे, ताई."

"व्हय. मला बी दिसतंय."

मान वळवली. परत त्याच पाटीकडे.

मॅडम चक्रावल्या. गोळी वाढवली आणि सूजही वाढली? "एखादा रविवार चुकला का, पंकजा?"

"न्हाई ओ. दर रविवारी."

मग मॅडम म्हणाल्या, गोळीऐवजी तेच औषध इंजेक्शननं देऊ, या आठवड्यापासूनच. पंकजाताई म्हणाल्या, "दिवाळीनंतर बघू. सीझन हाय. ब्लाउजांचा ढीग पडलाय." मॅडमनी परोपरीनं सांगितलं, चिठ्ठी दिली. ती घडी घालून पर्समध्ये गेली.

जाताना लंकाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "देव भलं करू तुमचं." त्यांना वाटलं, मी त्यांच्या सांगण्यावरून लाल म्हणाले! आता हे कुठं सांगू?

पंकजाताईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१९ सप्टेंबर

खरं बोलले. मग इतकं वाईट का वाटतंय?

१० ऑक्टोबर

इंजेक्शनचं विचारायला फोन केला. त्यांच्या नवऱ्यानं, कल्याणरावांनी उचलला. मागे शिलाई मशीनचा घरघराट. "ती मशीनवर हाय. दिवाळीनंतर येतो म्हनली." हात कसे आहेत, विचारलं. घरघर चालूच. ते म्हणाले, "सकाळी उशिरा बसती मशीनवर. ऊन पडल्यावर."

म्हणजे सकाळचा ताठरपणा परत आलाय.

मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, पेशंटला खेचून आणता येत नाही.

५ नोव्हेंबर

हर्षल म्हणाला, शेवगावहून फोन होता. उद्या येतायत. स्वतःहून!

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोन्ही मनगटं सुजलेली. आणि हसत आल्या.

"दुसरा महिना लागलाय, मॅडम. त्या रविवारपासनं एक गोळी घेतली न्हाई मी. इंजेक्शन बी न्हाई."

"कुठल्या रविवारपासून?" मॅडमनी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या शांत म्हनाल्या ना जूनमधी, त्याच्या पुढच्या. नंतर तुमी लाल दाखवलं. पन मी म्हनलं, पयला शब्द शांत आलाय. तोच धरायचा."

लंकाबाई भिंतीला टेकून डोळे पुसत होत्या. "मला बी न्हाई सांगितलं! लई डांबरट हाय!"

मॅडमनी आधी दोन्ही मनगटं हातात घेऊन बघितली. मग खुर्ची पुढे ओढली. "बरं. आता दोघांना सांभाळायचंय. बाळाला चालतील त्या गोळ्या आजपासून."

मी विचारलं – मग परत आमच्याकडे का आलात?

"दुसऱ्या बारीला तुमी दाबलं न्हाई, म्हनून." हात पुढे ठेवला. "बघा. आता काय असंल ते खरंच सांगायचं."

जूनचं पान काढलं आत्ता. 'तो एक शब्द परत घेता आला असता तर.'

आज कोणी तो शब्द परत देऊ केला, तर? माझा हात पुढे होत नाही.